उपरण्याखालचा हात

आमच्या नगरपालिकेच्या अध्यक्षानं मला फसवलं आणि मी अकरा घरांना फसवलं. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी झाल्या, एकाच उपरण्याखाली. पहिल्याचा जाब मला मागायचा आहे. दुसऱ्याचा मला द्यायचा आहे. म्हणून हे लिहितो.

गावाचं नाव लिहीत नाही. जिल्हा कागदावर उस्मानाबाद, लोकांच्या तोंडी धाराशिव. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. अध्यक्षांचं नावही लिहीत नाही. सगळे त्यांना मालक म्हणायचे. मीही म्हणायचो.

आधी बैलबाजारातली गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून आलं.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. मी विशीतला. बाप दोर वळायचा, मी विकायचो. दावी, कासरे, वेसणी. मांगवाड्यात जन्मलो, अंबाडीच्या वाखातच वाढलो. पण मला दोर विकण्यापेक्षा बैल विकायचा नाद. बोलायला तिखट होतो. जनावराचे दात, खूर, चाल बघून भाव सांगायचो आणि तो बहुतेक बरोबर निघायचा. एका शेतकऱ्यानं एकदा आपली बैलजोडी मला दाखवली. म्हणाला, “तूच इकून दे.” माझा पहिला सौदा.

बैलाचा भाव बाजारात तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालतात. एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. शेवटी तळहात दाबला की सौदा पक्का. बाहेरच्याला कळत नाही, भाव फुटत नाही. आणि दाबलेला हात कुणी फिरवत नाही. फिरवला तर भूमच्या बाजारापासून आमच्या बाजारापर्यंत त्याच्यासमोर कुणी जनावर उभं करत नाही.

माझ्यासमोर एक बागायतदार उभा होता. मी खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला, हात पुढं केला. त्यानं आपला हात पाठीमागं नेला.

“ह्याच्या हाताला हात लावून बैल घिऊ? मग बैल बी बाटला की!”

आजूबाजूचे हसले. ज्याची जोडी होती तोही हसला. बागायतदार खाली वाकला. त्यानं चार खडे उचलले आणि एकेक करून माझ्यापुढं मातीत टाकले. हा भाव. सगळ्यांनी बघितला. मागं उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानं तीनच टाकले. तिसऱ्यानंही तीनच. माझा भाव उघडा पडला होता, त्यावर कोण चढणार?

त्यानंतर माझे सगळे सौदे खड्यांवर झाले. दुसऱ्यांचे झाकलेले, माझे उघडे.

रडत बसणाऱ्यातला मी नव्हतो. मी बघत बसलो. उपरण्याखाली बोटं दिसत नाहीत, पण कोपर दिसतं. पंजा धरला की कोपर आत येतं. एक बोट ओढलं की खांदा किंचित उतरतो. सौदा नको असला की मनगट सैल पडतं आणि उपरण्याची कड लोंबते. दोन वर्षं मी नुसती कोपरं बघितली. मग मला भाव वाचता यायला लागला. वीस पावलांवरून.

व्यापाऱ्यांना हे कळलं तसे ते मला शोधत यायला लागले. शेजारचा सौदा कितीवर गेला हे विचारायला. हात कुणी लावायचा नाही, पण डोळ्यानं खूण करायचे. मी सांगायचो. त्यावर मी पत्र्याचं छप्पर घातलं, सायकल घेतली, इस्त्रीचा सदरा घालायला लागलो. सही करायला शिकलो. डोकं मात्र तापटच राहिलं. गिऱ्हाईक फार ताणायला लागलं की दोर त्याच्या अंगावर टाकायचो. “जा, सुतळीनं बांध बैल!” लोक म्हणायचे, मांगाचं पोर लई माजलंय. म्हणेनात का.

आता जागेचं सांगतो.

दोर वळायला लांब, सरळ जागा लागते. एका टोकाला पीळ द्यायचं चाक, दुसऱ्या टोकाला दोर धरून मागं मागं सरकणारं माणूस. बाजाराच्या मैदानाच्या कडेला आमची अशी पट्टी होती. बारा घरं तिथं दोर वळायची, अकरा बाकीच्यांची आणि एक माझं. तीन पिढ्यांच्या पावलांनी ती पट्टी तुडवून इतकी सरळ आणि टणक झाली होती, की पावसातसुद्धा तिथं चिखल व्हायचा नाही.

गावात एस.टी. स्टँड झाला. मग नवी मंडई बांधायची ठरली. पक्के गाळे, वर सिमेंटचा स्लॅब. स्टँडपासून मंडईपर्यंत रस्ता हवा होता, आणि सरळ रस्ता आमच्या पट्टीवरूनच जात होता. आम्हीच पाय घासून आखून ठेवलेला.

आधी शिपाई आला. मी त्याला हाकलला. मग नोटीस आली. ती मी त्याच्यासमोर फाडली. मग मालकांचा निरोप आला, मळ्यावर ये.

दुपारची वेळ. मालक मळ्यातल्या छपरीत खाटेवर बसले होते. दुसरं कुणी नव्हतं. मी नेहमीसारखा बाहेर उभा राहिलो. मालक म्हणाले, “बसा.”

मला अजून ते ऐकू येतं. बस नव्हे, बसा.

मी खाली बसायला लागलो तर म्हणाले, “अहो, खाली नको. इथं, वर.” मी खाटेच्या कडेला टेकलो. ते सुधारणेबद्दल बोलले. राज्य आता आपलं आहे, म्हणाले. गाव मोठं होणार, तुमचे दोर तुळजापूरच्या यात्रेला जाणारी माणसं स्टँडवर उतरून घेणार. मी घरून सगळं ठरवून गेलो होतो. रस्त्याकडं तोंड असलेले गाळे मागायचे. मागं दोर वळायला पट्टी मागायची. कागद झाल्याशिवाय उठायचं नाही. बोलायलाही लागलो.

“मालक, बारा गाळे. फुडच्या वळीत. रस्त्याकडं तोंड.”

ते हसले. खांद्यावरचं उपरणं काढलं. पांढरंशुभ्र, बारीक लाल काठाचं. आपल्या उजव्या हातावर टाकलं आणि हात माझ्यापुढं केला.

“तुमच्या बाजाराच्या रीतीनं करू. तुमचाही विश्वास बसेल.”

मी बघत राहिलो. मग हात आत घातला.

त्यांचा हात मऊ होता. थोडा घामेजलेला. करंगळीशेजारच्या बोटात अंगठी, ती मला टोचली. मी तिशीला आलो होतो आणि वरच्या जातीच्या माणसाचा हात पहिल्यांदाच माझ्या हातात आला होता. त्यांनी माझा पंजा धरला. पुन्हा पंजा धरला. मग दोन बोटं. बारा. आणि तळहात दाबला, चांगला जोरात, दोनदा.

मागची पट्टी मागायचं मी विसरलो. कागद मागायचं विसरलो. वीस पावलांवरून दुसऱ्याचं कोपर वाचणारा मी. त्या दिवशी समोरच्या माणसाचं कोपर माझ्यापासून वीतभर होतं आणि मी ते बघितलंच नाही. मी उपरण्याकडं बघत होतो.

मग मालकांनी हाक मारली आणि विहिरीकडून कारकून आला. कागद तयार होता. आम्ही आपल्या खुशीनं जागा सोडत आहोत, एवढंच त्यावर, कारकुनानं वाचून दाखवलं. “ही नुसती कचेरीची रीत,” मालक म्हणाले. “आपलं तर ठरलंच.” मी सही केली. ठसठशीत. बाकीच्या अकरा घरांच्या अंगठ्यांसाठी कागद घरी घेऊन आलो.

म्हणजे आम्ही दिलं ते कागदावर, आणि आम्हाला मिळालं ते उपरण्याखाली. मी, बारा बाजारचं पाणी प्यालेला हेडी, बैलांचा दलाल. बैलाचा व्यवहार करणारं शेंबडं पोरही असला सौदा करणार नाही.

मांगवाड्यातल्या लोकांनी माझ्याकडं बघून अंगठे दिले. अडली फक्त सखूआत्या. बापाची चुलतबहीण, साठीच्या पुढची, चाकावर बसली की तिच्याइतका घट्ट पीळ कुणाचा नाही. चाक न थांबवता तिनं विचारलं, “त्येनं काय दिलं?”

“हात दिला, आत्ये. उपरण्याखाली. मालकानं सोता.”

“कागुद?”

“हात दिला म्हन्तोय न्हवं? बाजारात दाबल्याला हात कुनी फिरवत न्हाय.”

आत्यानं चाक थांबवलं. “मेल्यालं ढोर वडायला आपल्याला बोलवत्यात, कारन त्येंचा हात लागत न्हाय. आन आज तुला हात लावला. तुझ्याकडनं काय तरी लई मोठं पायजे आसंल बघ.”

मी चिडलो. तिला म्हणालो, “तुमची समद्यांची हयात लाचारीत गेली. कुनी मान दिला तरी तुमाला भ्या वाटतं!” म्हाताऱ्या बाईला, सगळ्यांसमोर. तिनं अंगठ्याला शाई लावून घेतली.

“तुझ्या तोंडाकडं बघून देते,” एवढंच म्हणाली. “कागदाकडं बघून न्हाय.”

आम्ही आमच्या हातानं पट्टीवरची छपरं उतरवली. रस्ता झाला. मंडई उभी राहीपर्यंत वर्षभर लोकांनी ओढ्यात दोर वळले. वाळूत पाय सरकायचा, पीळ सैल पडायचा, शेतकरी दोर हातात घेऊन परत टाकायचा. कुणी कुरकुर केली की मी सांगायचो, थोडं थांबा, मालकाचा हात माझ्या हातात आहे. अगदी असंच म्हणायचो. मला ते म्हणायला आवडायचं. तो मऊ हात मी वर्षभर सगळ्यांना दाखवत फिरलो.

मंडईचं उद्घाटन सकाळी होतं. पताका, वाजंत्री, मांडव. पुढं खुर्च्या. आम्ही मांडवाच्या बाहेर, दोरीच्या पलीकडं. ती दोरीही आमच्याच वाड्यात वळलेली. आमच्या बायका लुगडी धुऊन, नेसून आल्या होत्या. सखूआत्यानं नव्या गाळ्यात टांगायला म्हणून बैलाच्या तोंडावर बांधतात तशी लाल गोंड्यांची एक म्होरकी करून आणली होती.

कारकुनानं यादी वाचायला घेतली.

“गाळा नंबर एक...” आणि माझं नाव.

आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी छाती काढून उभा राहिलो. मग दोन नंबर, मालकांचा मेहुणा. तीन नंबर, किराणावाले. चार, पाच, सहा. पुढची ओळ संपली. दुसरी ओळ संपली. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. शेवटी कारकुनानं आवाज उतरवून वाचलं, दोरवाले अकरा इसम, मागील उघडे ओटे, कातड्याच्या आवारालगत.

मागचे ओटे म्हणजे गटारीच्या काठावरचे. वर छप्पर नाही. अंबाडीच्या दोराला ओल लागली की तो काळा पडतो आणि गाठीत तुटतो. हे आमचं तान्हं पोरही सांगेल.

आमच्या सगळ्या लोकांनी माझ्याकडं बघितलं. माझा चुलतभाऊ निवृत्ती माझ्या अगदी जवळ होता. हळू म्हणाला, “एका गाळ्याला इकलं व्हय रं आमाला?”

सखूआत्यानं ती म्होरकी माझ्या हातात दिली. “घे. तुझ्या गाळ्यात टांग.”

बागायतदारानं खडे टाकले तेव्हा मला लाज वाटली होती. पण ती दुसऱ्यानं अंगावर टाकलेली. ही लाज माझीच होती. मला तेव्हा समजलं, त्यांनी तो एक गाळा मला का दिला ते. मालकांनी मला विकत घेतलं नव्हतं. मला विकत घेतलंय असं दाखवलं होतं. तेवढं पुरे होतं. आता वाड्यातलं कुणी माझ्या मागं उभं राहणार नव्हतं, आणि मी एकटा असलो की काय, एक तापट दोरवाला.

मी दोरीखालून वाकून मांडवात शिरलो. खुर्च्यांमधून सरळ चालत गेलो. मालक हार घालून उभे होते. कारकुनानं मला किल्ली दिली. दिली म्हणजे टेबलावर ठेवली आणि मी उचलली. मी खांद्यावरचा रुमाल काढला. माझा जाडाभरडा, दोराची कुसळं चिकटलेला. उजव्या हातावर टाकला. हात मालकांपुढं केला.

“मालक, हात द्या.”

वाजंत्री थांबली.

“हे काय रे?” मालक म्हणाले. आता अहो नव्हतं.

“मळ्यात दिला तसा द्या. समद्यांफुडं. पंजा, पंजा आन दोन बोटं. हात धरून म्हना, ‘म्या हात दिलाच नव्हता.’ मंग म्या माघारी जातो.”

त्यांचा उजवा हात हलला. मी यावेळी कोपर बघितलं. ते किंचित पुढं आलं होतं. खोटं बोलत नाही, सवयीनं म्हणा, ते पुढं आलं होतं. मग त्यांनी खुर्च्यांकडं बघितलं. पहिल्या रांगेत त्यांची सगळी सोयरीक बसली होती.

मालकांनी हात जोडले.

नमस्कार केला मला. सगळ्यांसमोर, वाकून. जोडलेले हात रुमालाखाली जात नाहीत.

“बाबा रे, मला ढोरबाजारातलं काही कळत नाही. मी जनतेचा सेवक. तुला पहिला गाळा दिला, अजून काय देऊ?”

मांडव हसला. बैलबाजारात लोक हसले होते तसाच. शिपाई पुढं आला. त्यानं मला हातानं धरलं नाही. काठीचं टोक छातीला लावलं आणि मागं ढकललं.

मी त्या काठीला धक्का दिला. किल्ली मालकांच्या पायापुढं जमिनीवर टाकली. म्हणालो, “हा गाळा मला नको. बारा असतील तर बोला. एक असंल तर त्यात तुमी बसा.” आणि मागं फिरलो. दोरीखालून यायच्या ऐवजी ती उपटून बाहेर आलो.

बाहेर कुणी मला खांद्यावर घेतलं नाही. लोक निघून गेले होते. आत्या तेवढी उभी होती. तिनं माझ्या हातातली म्होरकी परत घेतली आणि गेली.

पुढच्या बाजारी मला कुणी डोळ्यानं खूण केली नाही. शिवप्पा नावाचे एक म्हातारे व्यापारी होते, सीमेकडचे. कानडी मिसळून बोलायचे, मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे. त्यांना मी विचारलं, माझं काय चुकलं?

“तम्मा, उपरण्याखालचं उघड्यावर बोलू न्हाय. बाजार मोडतो.”

“आन ज्येनं हात फिरवला त्येचं काय?”

“ते बाजारातले न्हाईत.”

“मग बाजाराची रीत त्येंनी का धरली?”

शिवप्पांनी बैलाच्या शिंगावरून हात फिरवला. दावं सोडलं आणि बैल घेऊन पुढं निघाले.

त्याचं उत्तर मला स्वतःच शोधावं लागलं. ती रीत बरोबरीच्या माणसांची होती. दोघांनाही बाजारात पुन्हा तोंड दाखवायचं असतं, म्हणून झाकलेला हात खरा राहतो. मालकांना माझ्यासमोर पुन्हा कुठंच उभं राहायचं नव्हतं. आणि मला सौद्याचं भानच नव्हतं, मला हात हवा होता. दहा वर्षं त्या खड्यांवर रात्रंदिवस जळलो आणि शेवटी कशावर विकला गेलो, तर एका तळहाताच्या उबेवर. हे लिहिताना माझे दात आवळतात. पण हे लिहिलं नाही तर बाकीचं सगळं खोटं.

त्यानंतर अर्ज केले. तहसीलला, जिल्ह्याला. प्रत्येक ठिकाणी तोच कागद पुढं येतो, खुशीनं जागा सोडली. खाली पहिली सही माझी. ठसठशीत.

अकरांपैकी दोन घरं सोलापूरला गिरणीकडं गेली. बाकीची त्या ओट्यांवर बसतात. मी वाड्यात घरोघरी गेलो. निवृत्ती म्हणाला, “तुझ्या माफीवर दोर वाळत न्हाय.” खरं आहे. सखूआत्या माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. मी तिच्या चाकाला ओढ्यावर दोर धरतो, ती म्हणेल तसा मागं मागं सरकतो. काठावरून नवा रस्ता दिसतो. सरळ आहे.

मी आता वाचायला शिकलो आहे. नुसती सही नाही, पूर्ण. वाड्यात येणारा प्रत्येक कागद मी मोठ्यानं वाचतो, सगळ्यांना बोलावून, उघड्यावर. कळेपर्यंत पुन्हा वाचतो. कुणी मला एकट्याला मळ्यावर बोलावलं तर मी जात नाही. कुणी बसा म्हणालं तर विचारतो, किती जणांना? आणि माझा हात कुणी हातात घ्यावा ही माझी भूक मी मारली. ती मेल्याशिवाय मला भांडता येणार नव्हतं.

निवडणूक आली आहे. मालक पुन्हा उभे आहेत. हात जोडून ते गटारीकाठच्या ओट्यांवरही येतील. त्या दिवशी आम्ही तिथं असू. मी रुमाल आणणार नाही. झाकायचं काही राहिलेलं नाही.

मालक, मी अकरा घरांना काय केलं ते माझ्या हातानं, माझ्या सहीनं वर लिहून दिलं आहे. माझं देऊन झालं. आता तुमची पाळी. मळ्यातल्या छपरीत माझा हात कुणी दाबला होता? बारा कुणी मोजले होते? त्या मांडवात खुर्च्यांवर बसून हसलेल्यांनो, तुम्हीही सांगा, तुम्हाला हे ठाऊक होतं की नव्हतं? हात जोडू नका. हात उघडे ठेवा, आमच्या ओट्यावर उभे राहा आणि उत्तर द्या.